पिसांवरून कोंबडीची ओळख

विचुंबे हे पनवेल तालुक्यातील एक गाव. ते नवीन पनवेलला लागूनच आहे. गाढी नदी जवळून वाहते. गावाच्या आजूबाजूला आता उंच इमारती उभ्या राहिल्या आहेत. तरीही जुन्या घरांच्या अंगणात अजून कोंबड्या दिसतात. सकाळी खुराड्याचे दार उघडले, की त्या बाहेर धावतात आणि दिवसभर माती उकरत फिरतात. कुंपण नाही, बंधन नाही. या घरची कोंबडी त्या घरच्या अंगणात, आणि त्या घरचा कोंबडा या घरच्या छपरावर!

समजा, सुट्टीत तुम्ही विचुंब्याला आपल्या नानीकडे गेला आहात. नानीला एक कोंबडी विकत घ्यायची आहे. तुम्ही तिच्याबरोबर शेजारच्या आळीत जाता. तेथे एका अंगणात चार कोंबड्या दाणे टिपत आहेत. पहिली पांढरी आहे, पण तिच्या पाठीवर तीन-चार काळे ठिपके आहेत. दुसरी काळीभोर आहे. तिसरीच्या अंगावर काळे-पांढरे आडवे पट्टे आहेत. चौथी तांबूस आहे.

"मावशी, कोंबड्या गावठीच ना?" नानी विचारते.

"गावठीच हो! याच अंगणात वाढल्या," त्या घरच्या मावशी सांगतात.

मावशी खोटे बोलत नाहीत. कोंबड्या त्याच अंगणात वाढल्या आहेत. पण नानीचा प्रश्न वेगळा आहे. कोंबडी कोठे वाढली, हे तिला विचारायचे नाही. तिचे आईबाप कोण, हे तिला जाणून घ्यायचे आहे. का बरे?

गावठी कोंबडी वर्षाला साधारण ५० ते ७० अंडी देते. ही संख्या काही मोठी नाही. पण ती खुडूक होते. म्हणजे अंडी घालणे थांबवून ती अंड्यांवर बसते, २१ दिवस त्यांना ऊब देते आणि पिल्ले काढते. मग घार आली, की पंख पसरून पिल्लांना पोटाखाली घेते. व्हाइट लेगहॉर्न जातीची कोंबडी वर्षाला ३०० च्या आसपास अंडी देते. परंतु ती सहसा खुडूक होत नाही. जास्त अंडी मिळावीत म्हणून माणसाने पिढ्यान्‌पिढ्या न बसणाऱ्या कोंबड्याच निवडल्या. नानीला तर अंड्यांवर बसणारी कोंबडी हवी आहे. तिने निवड चुकवली, तर टोपली अंड्यांनी भरेल, पण खुराड्यात एकही पिल्लू दिसणार नाही. शिवाय बाजारात गावठी कोंबडीला भाव जास्त मिळतो. त्यामुळे रंगीत पिसांची कोणतीही कोंबडी 'गावठी' म्हणून विकण्याचा मोह काही विक्रेत्यांना होतो.

तेव्हा प्रश्न असा : पिसांच्या रंगावरून कोंबडीचे कूळ ओळखता येते का? थोडे येते, थोडे येत नाही. कोठे येते आणि कोठे येत नाही, हे समजून घेणे हीच खरी गंमत आहे.

आधी एक गोष्ट लक्षात ठेवा. 'गावठी' ही एकच ठरलेली जात नव्हे. देशावर तिलाच 'गावरान' म्हणतात. तुम्ही उर्दूत 'देसी मुर्गी' म्हणता. तिच्यात काळ्या, तांबड्या, पिवळसर, करड्या, ठिपक्यांच्या अशा सर्व रंगांच्या कोंबड्या असतात. एकाच कोंबडीच्या पिल्लांत चार रंग निघाले, तर खेड्यात कोणाला नवल वाटत नाही.

हे रंग आले कोठून? आपल्या पाळीव कोंबडीचा मुख्य पूर्वज म्हणजे तांबडा रानकोंबडा. तो हिमालयाच्या पायथ्याशी, ईशान्य आणि मध्य भारतात, तसेच ब्रह्मदेश, थायलंड या देशांत आढळतो. नराची मान सोनेरी-तांबडी, छाती काळी आणि शेपटी हिरवट चमकणारी असते. मादी मात्र साधी, तपकिरी रंगाची असते. पाचोळ्यात अंड्यांवर बसली, तर ती सहज दिसतही नाही. आपल्या सह्याद्रीच्या जंगलात त्याचा चुलतभाऊ राहतो. तो राखी रानकोंबडा. पाळीव कोंबडीत याचाही थोडा वाटा आहे. पुष्कळ कोंबड्यांचे पाय पिवळे असतात, हे तुम्ही पाहिले असेल. हा पिवळेपणा देणारे जनुक राखी रानकोंबड्याकडून आले असावे, असे शास्त्रज्ञांनी २००८ मध्ये दाखवून दिले. म्हणजे अंगणातील कोंबडीच्या पायांवर जंगलातील एका पक्ष्याची खूण आहे!

पिसांत मुख्यतः दोनच रंगद्रव्ये असतात. एक काळे आणि दुसरे तांबडे. बाकी सर्व त्यांचाच खेळ असतो. काळे फिके झाले, की राखी दिसते. तांबडे फिके झाले, की पिवळसर दिसते. दोन्ही नसली, की पीस पांढरे. काळ्या पिसावरची हिरवी चमक ही वेगळ्या रंगद्रव्यामुळे नसते. पिसाच्या रचनेवर प्रकाश पडून ती दिसते. म्हणून ढगाळ दिवशी किंवा संध्याकाळी कोंबडीचा रंग पाहू नये. सकाळच्या उन्हात पाहावा.

आता मिश्र कोंबड्या गावात कशा आल्या, ते पाहू. स्वातंत्र्यानंतर खेड्यातील लोकांना जास्त अंडी मिळावीत, म्हणून सरकारने सुधारित जातींचे कोंबडे आणि पिल्ले वाटण्याच्या योजना आखल्या. व्हाइट लेगहॉर्न पांढरी. तिचे नाव इटलीतील लिव्होर्नो या बंदरावरून पडले. ऱ्होड आयलंड रेड गडद तांबडी. ती अमेरिकेतील. ब्लॅक ऑस्ट्रलॉर्प काळी. ती ऑस्ट्रेलियातील. पुढे आपल्या देशातच परसबागेसाठी नव्या जाती तयार झाल्या. बंगळूरच्या कृषी विद्यापीठाने 'गिरिराज' तयार केली, तर हैदराबादच्या कुक्कुट संशोधन केंद्राने 'वनराज'. या दोन्ही मुद्दाम रंगीत पिसांच्या ठेवल्या आहेत. रंगीत कोंबडी खेड्यातील लोकांना आवडते आणि ती मातीत, झुडपांत पांढऱ्या कोंबडीसारखी लांबून उठून दिसत नाही. अशा कोंबड्या गावात आल्या, मोकळ्या फिरल्या आणि गावठी कोंबड्यांत मिसळल्या. काही वर्षांतच कोण कोणाचे, हे सांगणे अवघड झाले.

चला, आता त्या चार कोंबड्यांकडे परत वळू.

पहिली पांढरी, काळ्या ठिपक्यांची. ही कोंबडी आपले रहस्य लवकर सांगते. लेगहॉर्नचा पांढरा रंग 'प्रभावी' असतो. आईबापांपैकी एकाकडून जरी तो मिळाला, तरी पिल्लू पांढरे होते. पण एकाच बाजूने मिळालेला पांढरा रंग काळ्याला पुरते झाकू शकत नाही. पांढऱ्या धोतरावर शाईचे शिंतोडे उडावेत, तसे चार-दोन काळे ठिपके राहून जातात. तांबड्या रंगावर तर त्याची सत्ता फारच कमी चालते. म्हणून लेगहॉर्न आणि तांबूस गावठी यांच्या पिल्लाच्या मानेवर किंवा छातीवर तांबूस झाक दिसते. आता तिचे पाय पाहा. शुद्ध लेगहॉर्नचे पाय पिवळे असतात. हा पिवळा रंग 'अप्रभावी' आहे. तो आई आणि बाप या दोघांकडूनही आला, तरच पिल्लात दिसतो. तेव्हा अंग पांढरे, पाठीवर ठिपके आणि पाय पिवळे नसून पांढुरके असतील, तर ही कोंबडी मिश्र आहे, असे म्हणायला हरकत नाही. मात्र थांबा. मांसासाठी वाढवतात त्या ब्रॉयलर कोंबड्यांतही असाच पांढरा रंग असतो. मग आपली कोंबडी कोणाची? येथे पिसे गप्प बसतात आणि शरीर बोलते. लेगहॉर्न हलकी, चपळ, उभ्या शेपटीची असते. तिचा तुरा मोठा असून एका बाजूला कलतो. ब्रॉयलरची छाती रुंद आणि पाय जाड असतात.

दुसरी काळीभोर. हिचा विचार थोडक्यात करू. कारण हिची पिसे फार कमी सांगतात. काळा रंगही प्रभावी असतो. ब्लॅक ऑस्ट्रलॉर्प आणि गावठी यांची पिल्ले बहुधा काळीच निघतात. फक्त मानेवर, छातीवर सोनेरी किंवा तांबूस पिसे डोकावतात. नरात ती अधिक दिसतात. पण काळ्या गावठी कोंबड्याही पुष्कळ असतात. मानेवर तांबूस झाक दिसली, तर 'ही पूर्ण काळ्या कुळातील नाही' एवढेच म्हणता येईल. 'हिचा बाप ऑस्ट्रलॉर्प होता' असे म्हणता येणार नाही.

तिसरी पट्टेदार. मला विचाराल, तर या अंगणातील सर्वांत मनोरंजक कोंबडी हीच! तिचे एक पीस जमिनीवर पडले असेल, तर उचला. काळा पट्टा, पांढरा पट्टा, पुन्हा काळा, पुन्हा पांढरा. असे पट्टे अमेरिकेतील प्लिमथ रॉक या जातीत प्रसिद्ध आहेत. हे पट्टे उमटवणारे जनुक प्रभावी आहे. पण त्याची खरी गंमत पुढेच आहे. ते जनुक अशा जागी असते, की आई ते फक्त आपल्या मुलांना देऊ शकते, मुलींना नाही. बाप मात्र मुलांना आणि मुलींना, दोघांनाही देऊ शकतो. माणसात मुलगा की मुलगी हे बापाकडून ठरते; पक्ष्यांत ते आईकडून ठरते. त्यामुळे असे घडते.

आता जरा डोके चालवा. आपल्यापुढे एक पट्टेदार कोंबडी आहे. ती मादी आहे. तिला पट्टे आईकडून मिळणे शक्य नाही. मग ते कोणाकडून आले? बापाकडूनच! म्हणजे आपण त्या बापाला पाहिले नाही, तो केव्हाच विकला गेला असेल, तरी आपण छातीठोकपणे सांगू शकतो : पट्ट्यांचे जनुक त्याच्याकडे होते. तो स्वतः पट्टेदार असेल. नाहीतर तो पांढरा असेल आणि त्याच्या पांढऱ्या रंगाखाली पट्टे दडलेले असतील. पांढऱ्या लेगहॉर्नमध्ये असे दडलेले पट्टे पुष्कळदा असतात. एका पिसावरून न पाहिलेल्या बापाची ओळख पटते, हे काही लहानसहान नाही.

याच ज्ञानाचा उपयोग आणखी एका कामासाठी झाला. पट्टेदार कोंबडी आणि साधा काळा कोंबडा यांची पिल्ले अंड्यातून बाहेर येतात, तेव्हा सगळी काळीच दिसतात. पण नर पिल्लांच्या डोक्यावर एक पांढरा ठिपका असतो. माद्यांच्या डोक्यावर तो नसतो. मोठे झाल्यावर नर पट्टेदार होतात आणि माद्या काळ्या राहतात. म्हणजे पहिल्याच दिवशी नर कोणता, मादी कोणती हे कळते. पहिल्या महायुद्धाच्या काळात इंग्लंडमध्ये धान्याची टंचाई होती. अंडी न देणाऱ्या नर पिल्लांना महागडे खाद्य का घालायचे, असा प्रश्न होता. तेव्हा रेजिनाल्ड पनेट या शास्त्रज्ञाने रंगांवरून नर-मादी वेगळे करण्याची युक्ती सुचवली. तुम्ही पुढे विज्ञानात 'पनेटचा चौकोन' शिकाल, तो याच पनेटचा. त्याचे सहकारी विल्यम बेटसन यांनी १९०२ मध्ये कोंबड्यांवर प्रयोग करून एक महत्त्वाची गोष्ट दाखवली होती. ग्रेगोर मेंडेल यांनी वाटाण्याच्या झाडांवर शोधलेले नियम प्राण्यांनाही लागू पडतात, ही ती गोष्ट. मठाच्या बागेतील वाटाण्यापासून निघालेली वाट अशी कोंबडीच्या खुराड्यापर्यंत येऊन पोचली.

राहिली चौथी, तांबूस. ही सर्वांत साधी दिसते. पण हिलाच ओळखणे सर्वांत कठीण. ती ऱ्होड आयलंड रेडची नात असू शकेल. वनराजची मुलगी असू शकेल. किंवा शंभर टक्के गावठीही असू शकेल. रानकोंबडीचा तपकिरी रंग तर गावठीत मुळातच आहे. तांबूस रंग सगळ्या कुळांत सापडतो. म्हणून तो कोणत्याच कुळाची साक्ष देत नाही. येथे पिसे सोडून इतर खुणा पाहाव्या लागतात. पाय पिवळे की काळपट? तुरा उभा, करवतीच्या दातांसारखा आहे, की बसका? असील या लढाऊ जातीचा तुरा बसका असतो आणि तो मिश्र पिल्लांतही उतरतो. कानाची पाळी पांढरी की लाल? अंडे पांढरे, बदामी की तपकिरी? ऱ्होड आयलंड रेडची अंडी तपकिरी असतात, लेगहॉर्नची पांढरी. एकट्या खुणेवर विश्वास ठेवू नका. तीन-चार खुणा एकाच बाजूला बोट दाखवू लागल्या, तर मत बनवा.

मग नानीने काय करावे? पांढरी कोंबडी घेऊ नये, एवढे पिसांवरून सांगता येते. बाकीच्या तिघींबद्दल पिसे काहीच सांगत नाहीत. खुडूक होण्याचा गुण पिसावर लिहिलेला नसतो. त्यासाठी मावशींनाच विचारावे लागेल, "यांतली कोणती मागच्या वर्षी अंड्यांवर बसली होती?" आणि मावशींना ते पक्के ठाऊक असणार, कारण प्रत्येक कोंबडीचा स्वभाव त्या रोज पाहतात. मला वाटते, नानीने रंगाआधी हाच प्रश्न विचारला असता, तर बरे झाले असते. पण मग आपल्याला एवढ्या गोष्टी कळल्या नसत्या!

रंग फसवतो, याची आणखी काही उदाहरणे आहेत. आठवडी बाजारात किंवा जत्रेत गुलाबी, हिरवी, निळी पिल्ले विकायला येतात. लहान मुले हट्ट धरतात. ती पिल्ले रंगात बुडवलेली असतात. अंडी देणाऱ्या जातींतील नर पिल्लांना मागणी नसते. त्यांतील फिकट पिवळी पिल्ले रंगवून स्वस्तात विकतात. दोन-तीन आठवड्यांत खरी पिसे फुटली, की रंग जातो. पुष्कळदा पिल्लूच जगत नाही. त्या नाजूक पिल्लांना ऊब मिळत नाही, आणि हा खेळ मला तरी क्रूर वाटतो.

दुसरे उदाहरण कडकनाथचे. ही कोंबडी मध्य प्रदेशातील झाबुआ भागातील. तिची पिसेच नव्हे, तर कातडी, तुरा, जीभ आणि मांसही काळसर असते. २०१८ मध्ये झाबुआच्या कडकनाथला भौगोलिक मानांकन मिळाले. तिला भाव मोठा, म्हणून काळी कोंबडी दिसली, की लोक 'कडकनाथ आहे का?' असे विचारतात. नुसती पिसे काळी असली, तर ती कडकनाथ नव्हे. तोंड उघडून जीभ पाहावी, पिसे बाजूला सारून कातडी पाहावी. पण तेथेही सावध राहा. कातडी काळी करणारे जनुकसुद्धा प्रभावी आहे. त्यामुळे कडकनाथ आणि साधी कोंबडी यांच्या पिल्लांची कातडीही पुष्कळदा काळसर निघते. कातडी पांढरी असेल, तर 'ही शुद्ध कडकनाथ नाही' असे म्हणता येते. कातडी काळी असेल, तर 'ही शुद्धच आहे' असे म्हणता येत नाही. असेच बिनपिसांच्या मानेचे. काही कोंबड्यांच्या मानेवर पिसे नसतात. लोकांना वाटते, तिला काही रोग झाला. तो रोग नव्हे. तोही आईबापांकडून आलेला एक प्रभावी गुण आहे, आणि उन्हाळ्यात अशा कोंबडीला उकाड्याचा त्रास कमी होतो.

तुमच्या घरी किंवा शेजारी कोंबड्या असतील, तर एक वही करा. उबवायला ठेवलेली अंडी कोणत्या कोंबडीची, ते लिहा. पिल्ले निघाली, की पहिल्याच दिवशी प्रत्येकाचा रंग, डोक्यावरचा ठिपका, पाठीवरच्या रेघा लिहून ठेवा. पायात वेगवेगळ्या रंगांचा दोरा सैल बांधा आणि पिल्लू वाढेल तसा तो बदला, नाहीतर पायात रुतेल. दोन महिन्यांनी पुन्हा पाहा. पिल्लाचा लव गळून पिसे आली, की त्याचे रूप पार बदलते. तलंग अंड्यावर आली, म्हणजे पहिल्यांदा अंडी देऊ लागली, की शेवटची नोंद करा.

आता हे कोडे सोडवा. एका अंगणात कोंबडा काळा आणि कोंबडीही काळी. आसपास दुसरा कोंबडा नाही. त्यांच्या बारा पिल्लांत तीन पांढरी निघाली. मोठी झाल्यावर त्यांच्या अंगावर एकही काळा ठिपका दिसला नाही. हा पांढरा रंग लेगहॉर्नच्या पांढऱ्या रंगासारखा प्रभावी असेल का? नसेल, तर तो आजवर कोठे लपला होता? पिवळ्या पायांबद्दल वाचलेले आठवा आणि उत्तर वहीत लिहा.